किंग्जब्रूक मॅनरच्या सबनीस मॅडम

सबनीस मॅडम आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या तेव्हा त्यांचं सामान बराच वेळ टेम्पोतच पडून होतं, कारण त्या गेटसमोर उभ्या राहून हसत होत्या. ओठ दाबून नव्हे. चष्मा काढून, पदरानं डोळे पुसत, पुन्हा वर बघत आणि पुन्हा हसत. टेम्पोवाला माझ्याकडे बघायला लागला, मी वॉचमन यादवकडे. सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो, दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं म्हणून. त्यामुळे पुढे होऊन विचारणं भाग होतं. काही प्रॉब्लेम आहे का, असं मी विचारलं.

"प्रॉब्लेम कसला? फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "इतकं मनापासून केलेलं खोटं मी खूप दिवसांत पाहिलं नव्हतं."

हे आमच्या बिल्डिंगबद्दल होतं. मीरा रोडला हाटकेशच्या बाजूला उभ्या राहिलेल्या या सात मजल्यांना बिल्डरनं किंग्जब्रूक मॅनर असं नाव दिलं होतं, मॅनर म्हणजे इंग्लंडातला जमीनदारी वाडा. नावाला जागायचं म्हणून दर्शनी बाजूला चार गोल, उंच खांब, त्यांच्यावर त्रिकोणी कपाळपट्टी आणि खांबांमध्ये गाडी उभी राहील एवढा पोर्च. मागच्या बाजूनं मात्र ती चारचौघींसारखीच होती: ग्रिल, एसीचे डबे, वाळत घातलेले टॉवेल आणि भिंतीपलीकडे दिवसभर स्टीलची ताटं ठोकणारा गाळा. रिक्षावाल्याला किंग्जब्रूक सांगून काही उपयोग नसायचा. 'खंबेवाली बिल्डिंग' म्हटलं की थेट दारात.

हसून झाल्यावर मॅडम पहिल्या खांबापाशी गेल्या आणि दार वाजवावं तसा त्यांनी तो बोटाच्या पेरानं वाजवला. मग कान लावला. "पोकळ आहे. आतून पावसाच्या पाण्याचा पाइप नेलाय. हुशार माणूस." एवढं बोलून त्यांनी टेम्पोवाल्याला सामान उतरवायला सांगितलं.

सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पर्समध्ये कायम एक टॉर्च, असा त्यांचा अवतार. मुंबईच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात त्यांनी तीसेक वर्षं वास्तुकलेचा इतिहास शिकवला होता. लग्न केलं नव्हतं. दादरची भाड्याची जागा रिडेव्हलपमेंटला गेली आणि आलेल्या पैशात त्या इकडे आल्या. त्यांचा खास विषय होता इंग्लंडातल्या जुन्या जमीनदारांची गावाकडची घरं, ज्यांना कंट्री हाऊस म्हणतात. घर म्हणायचं आपलं. शंभर खोल्या, समोर तळं, मागे तबेला आणि हरणं चरायला जंगल. त्यातही हॉलिंगफर्ड हॉल नावाच्या एका घरावर त्यांचा जीव होता. लोक हॉलमध्ये जिथं देवाची तसबीर लावतात तिथं मॅडमनी त्या घराचा नकाशा फ्रेम करून लावला होता. नाश्त्याच्या खोलीतून लायब्ररीत जाताना पाय कुठल्या पायरीला अडखळेल, हेसुद्धा त्या सांगायच्या. मात्र त्या इंग्लंडला कधीच गेल्या नव्हत्या. कुणी त्याबद्दल आश्चर्य दाखवलं तर म्हणायच्या, "खगोलशास्त्राच्या प्रोफेसरला तुम्ही विचारता का, शनीवर जाऊन आलात का म्हणून?"

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की त्या हॉलमध्ये बसत नसत. सरळ स्वयंपाकघर, मग संडास-बाथरूम, मग मागची गॅलरी. आमच्याकडेही तसंच झालं. माझ्या बायकोला आधी राग आला. पण मॅडमनी तिच्या ओट्यासमोर उभं राहून सांगितलं की हा ओटा तुमच्या उंचीच्या मानानं बुटका आहे आणि म्हणून तुमची कंबर दुखते. त्या दिवसापासून आमच्या घरात मॅडमविरुद्ध बोलायची सोय उरली नाही. "पुढचा दरवाजा सगळेच दाखवतात," त्या म्हणायच्या, "मागचा कुठंय ते विचारावं. तिथं माणूस कळतो."

त्यांच्याकडे जेवायला जाणं ही वेगळीच कसरत होती. डायनिंग टेबल नव्हतं, जुना ड्रॉइंग बोर्ड होता. तो कितीही सपाट केला तरी थोडा कलायचाच. नवखा पाहुणा आमटीची वाटी ठेवायचा आणि ती हळूहळू त्याच्या मांडीच्या दिशेनं निघायची. मॅडम नुसत्या बघत राहायच्या. अगदी शेवटच्या क्षणी लाकडी पट्टी आडवी लावायच्या आणि वाटी थांबायची. नवा पाहुणा आला की हा खेळ ठरलेला.

दर रविवारी सकाळी त्या बिल्डिंग दाखवायच्या. सुरुवातीला फक्त मुलं जमायची, मग मुलांचे आईबाप, मग शेजारच्या सोसायटीतले लोक. चौथ्या मजल्यावर दर्शनी बाजूला प्लास्टरमध्ये नुसतीच खिडकीची चौकट काढलेली आहे, आत भिंत. तिच्यामागे आमचं बाथरूम येतं. मॅडम तिकडे टॉर्चचा झोत टाकून सांगायच्या की ही आंधळी खिडकी. इंग्लंडातल्या भल्याभल्या घरांना अशा खिडक्या असतात. आत जिना किंवा धुराडं येतं म्हणून खिडकी काढता येत नाही, पण डावीकडे एक आहे म्हटल्यावर उजवीकडे नको का? "खोटं बोलायचं तर दोन्ही बाजूंनी सारखं बोलावं, म्हणजे त्याला सिमेट्री म्हणतात."

त्यांचं म्हणणं असं होतं की आमच्या बिल्डिंगला कुणी हसू नये. त्या स्वतः हसल्या, ते कौतुकानं. त्या इंग्रज जमीनदारांनीही नक्कलच केली होती. इटलीत जाऊन देवळांचे खांब पाहून आले आणि आपल्या दारात उभे केले. विटांवर चुना फासला, त्यावर रेघा मारल्या आणि म्हणाले दगड आहे. लाकडाला रंग देऊन म्हणाले संगमरवर आहे. लायब्ररीत पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवलेलं कपाट असायचं, ते ढकललं की दार उघडायचं. मग आमच्या बिल्डरनं पोकळ खांब उभे केले तर काय बिघडलं? तोही त्याच घराण्यातला.

हे ऐकून सर्वांत जास्त सुखावायचे ते आमचे चेअरमन खानविलकर साहेब. खानविलकर मूळचे चिपळूणकडचे, लहानपण लालबागच्या चाळीत एका खोलीत सात माणसांत गेलेलं. पुढे ट्रान्सपोर्टच्या धंद्यात हातपाय मारून त्यांनी इथं दोन फ्लॅट जोडून घेतले होते. बिल्डिंगचं नाव ते फार जपून उच्चारायचे, 'म्यॅनर'. गेटच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे दोन सिंह त्यांनी स्वखर्चानं बसवले. मॅडमनी त्यांची पाहणी करून अभिप्राय दिला की सिंह चांगले आहेत, फक्त कशाला तरी घाबरलेले दिसतात. खानविलकरांनी तो अभिप्राय निम्माच ऐकला.

दोघांची पहिली झटापट लिफ्टवरून झाली. बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत. पुढची मोठी, आरशाची. मागची लहान, तिच्याशेजारी कचऱ्याचे ड्रम. राईगावची हिरामावशी रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन मजल्या-मजल्यावर यायची. एकदा खानविलकर सफारी घालून कुठं निघाले होते आणि लिफ्टमध्ये हिरामावशीच्या पाटीतलं पाणी त्यांच्या बुटांवर सांडलं. पुढच्याच मीटिंगला त्यांनी ठराव आणला: घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले आणि मासळीवाली यांनी फक्त मागची लिफ्ट वापरावी. कुणाला फारसं पटलं नव्हतं, पण विरोध करायचा म्हणजे मीटिंग लांबणार. तेवढ्यात सबनीस मॅडम उठल्या. मला वाटलं, आता फटाके.

पण मॅडमनी पाठिंबा दिला. अगदी भरभरून. त्या म्हणाल्या की या बिल्डिंगची रचना पहिल्यांदाच कुणाला तरी नीट समजली आहे. इंग्लिश घरात दोन जिने असतातच. पुढचा मालकांचा, दिवाणखान्यातून वर चढणारा. मागचा नोकरांचा, भिंतीआड लपवलेला. कारण मालकांना सकाळी खाली उतरताना रात्रीचं लघवीचं भांडं घेऊन जाणारी मोलकरीण समोर दिसायला नको. मध्ये जाड कापड ठोकलेलं दार, म्हणजे स्वयंपाकघराचा आवाज नाही, वास नाही. खानविलकर इतके खूश झाले की हे सगळं मिनिट्समध्ये लिहा, असं त्यांनी मला सांगितलं. मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या लिफ्टजवळ एक पाटी लागली. शाईनं काढलेली, अक्षर असं की छापील वाटावं. 'नोकरांचा जिना. मालकांनी कृपया समोरून जावे.' आणि त्या दिवसापासून मॅडम मागच्याच लिफ्टनं ये-जा करायला लागल्या. मी त्यांना विचारलं की हे काय? तर म्हणाल्या, "माझी भांडी मीच घासते, फरशी मीच पुसते. मी कुठल्या जिन्यात बसते ते तुम्हीच सांगा, पाटणकर."

हा प्रश्न माझ्या बायकोनं घरी आल्यावर मलाच विचारला. तिनं तो बहुतेक सगळ्या मजल्यांवर विचारला असावा, कारण आठवडाभरात बिल्डिंगमधल्या बायका एकेक करून मागच्या लिफ्टला लागल्या. मग भाजीच्या पिशव्या घेऊन येणारे रिटायर्ड लोक. मग मुलं, कारण तिथं गर्दी असते आणि मजा येते. लिफ्ट लहान, त्यामुळे सगळे एकमेकांना चिकटून उभे. कुणाची सून रुसली, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुठल्या क्लासचा मास्तर चांगला, सगळं तळमजला ते सातव्या मजल्यापर्यंत समजायचं. हिरामावशीला मजले फिरायची गरजच उरली नाही. ती लिफ्टमध्येच पाटी टेकवून उभी राहायची आणि येता-जाता तिची मासळी संपायची. तिचं स्वतःचं मत तिनं मला ऐकवलं होतं. "पुडची पेटी मना नकोच व्हती, सायेब. तिथं आरसा हाय, माणूस न्हाय."

आणि खरोखरच पुढच्या लिफ्टमध्ये आरसा आणि खानविलकर एवढेच उरले. ते सकाळी एकटेच खाली यायचे, संध्याकाळी एकटेच वर जायचे. बिल्डिंगमध्ये काय चाललंय हे चेअरमन असून त्यांना समजेनासं झालं. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की तिसऱ्या मजल्यावरच्या दीक्षितांना नात झाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी सांगितलं, मागच्या लिफ्टनं.

शेवट झाला तो त्यांच्या सायलीला बघायला पाहुणे आले तेव्हा. मुलाकडचे वसईहून येणार होते. खानविलकरांनी पोर्च धुऊन घेतला, सिंहांना रंग मारून घेतला, यादवला नवी टोपी घातली. पाहुणे आले, खांब बघून प्रभावित वगैरे झाले आणि पुढची लिफ्ट बंद पडली. यात मॅडमचा हात नव्हता. मी सेक्रेटरी या नात्यानं चौकशी केली, मोटर खरोखरच जळली होती. पण त्या वेळी मॅडम पोर्चमध्ये होत्या आणि आलेली संधी सोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी पाहुण्यांना नमस्कार केला आणि मागच्या बाजूला नेलं.

वर सातव्या मजल्यावर खानविलकर दार उघडून उभे होते. मीही होतो, त्यांनी आधाराला बोलावलं होतं. पुढच्या लिफ्टचा आकडा हलेना म्हणून ते घामाघूम झाले. मग मागच्या बाजूनं हसण्याचा आवाज आला. मागची लिफ्ट उघडली आणि आतून मुलगा, मुलाचे वडील, मुलाची आई, दोन कामवाल्या बायका, हिरामावशी आणि सबनीस मॅडम असे सगळे बाहेर आले. मुलाच्या आईच्या हातात ओल्या बोंबलांची पिशवी होती. मॅडम मुलाच्या वडिलांना सांगत होत्या की मोठ्या घराची पारख मागच्या जिन्यावरून करतात आणि तुम्हाला तो मुद्दाम दाखवला.

खानविलकरांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. पण मुलाची आई घरात शिरता शिरताच सायलीच्या आईला म्हणाली की तुमच्याकडे माणसं एकमेकांशी बोलतात, हे बरं आहे. आमच्या टॉवरमध्ये सगळे मोबाइलमध्ये बघत वर जातात. मग बोंबील कुठं घेतले, कसे भाजावेत, यावरून दोन्ही बायकांचं असं जमलं की चहा-पोहे नावालाच झाले. महिन्याभरात साखरपुडा झाला. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये खानविलकरांनी स्वतःच ठराव मांडला की दोन्ही लिफ्ट सर्वांना खुल्या असाव्यात. कारण विचारायचं धाडस कुणी केलं नाही. मॅडमनी अनुमोदन दिलं, तेही पहिल्याइतकंच भरभरून.

त्यानंतर वर्षभरानं स्ट्रक्चरल ऑडिट झालं. इंजिनीअर तरुण होता, बोलायला सरळ. त्यानं पोर्चचे चारही खांब हातोड्यानं ठोकले. एकाचं प्लास्टर त्याच्या पायावरच पडलं. आतल्या सळ्या गंजून भुगा झाल्या होत्या. खांब इमारतीला काही आधार देत नाहीत, उलट कुणाच्या तरी डोक्यावर पडतील. पावसाळ्याआधी उतरवा, असं त्यानं लिहून दिलं. मेंबर लगेच तयार झाले. तेवढीच पार्किंगला जागा.

त्या संध्याकाळी खानविलकर मॅडमकडे गेले. एकट्यानं जायचा धीर नव्हता म्हणून मला घेऊन. मॅडमनी ड्रॉइंग बोर्डावर चहा ठेवला आणि या खेपेला पट्टी आधीच लावली. त्यावरून मी समजलो की त्यांना विषय माहीत आहे.

खानविलकरांनी कप उचलून तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, मला माहितेय तुम्ही हसता. सगळेच हसतात. पण फ्लॅट बघायला आलो तेव्हा मी किचन बघितलं नाही, बेडरूम बघितली नाही. खांब बघितले आणि टोकन दिलं. आमच्या चाळीत संडासाला लाइन लावायचो ना, तेव्हा समोर एका मिलमालकाचा बंगला दिसायचा. त्याला होते असे."

मॅडमनी चष्मा काढला. या वेळी हसायला नव्हे.

"खानविलकर, खांब जाणार," त्या म्हणाल्या. "ते मी वाचवू शकत नाही आणि वाचवणारही नाही, खाली मुलं खेळतात. तिकडेही शेकड्यानं अशी घरं पाडली लोकांनी. छप्पर दुरुस्त करायला पैसे नव्हते, नोकर मिळेनात. मोठमोठे सरदार आपल्या घराचे जिने विकून बसले. तुम्ही काही पहिले नाही."

खानविलकरांनी मान हलवली. त्यांना सरदारांच्या ओळीत बसवलं होतं, त्यामुळे थोडा धीर आला असावा.

"पण एक काम राहिलंय," मॅडम पुढे म्हणाल्या. "आपल्या मॅनरला अजून भग्नावशेष नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही लोकांना सांगतो तेव्हा लोक मला खोटारडा समजतात. इंग्रज जमीनदार बागेत मुद्दाम पडकं बांधकाम करून घ्यायचे. अर्धवट कमान, मोडका खांब, पडलेली भिंत. नवंच, पण तिथं पूर्वी काहीतरी भव्य होतं असं पाहुण्याला वाटावं म्हणून. त्यासाठी वेगळा आर्किटेक्ट नेमायचे, गवंड्याला मोडकं कसं दिसायला हवं ते शिकवायचे, वर वेल सोडायचे. "त्यांना खोटा बांधावा लागायचा," मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडे खरा पडणार आहे. एवढी संधी कुठल्या लॉर्डला मिळाली होती?"

पुढच्या मीटिंगला मॅडमनी हा प्रस्ताव असा मांडला की पार्किंगवाले गोंधळून गेले. तीन खांब पूर्ण जाणार. चौथ्याचा फक्त कमरेइतका बुंधा राहणार, आत काँक्रीट भरून, इंजिनीअरच्या सहीनं. शेवटचा खांब उतरवला त्या सकाळी खानविलकर बायकोसह हजर होते, नव्या शर्टात. मॅडम मजुरांवर ओरडत होत्या की वरची कड सरळ कापू नका, जरा मोडल्यासारखी दिसली पाहिजे. मुकादम म्हणाला, "मॅडम, जिंदगी में पहली बार कोई बोल रहा है की काम बिगाड के दो." आता त्या बुंध्यावर मधुमालती चढली आहे. हिरामावशी सकाळी त्याला टेकून पाटी लावते, सावली बरी पडते म्हणून.

मॅडम इंग्लंडला गेल्या त्या यानंतर. त्यांची भाची मधुरा पुण्याला असते. तिला ऑफिसनं काही महिने तिकडे पाठवलं होतं. तिनं मावशीला तिकीटच पाठवून दिलं. मॅडम जायला फारशा उत्सुक नव्हत्या. घर मनात होतं तसंच असलं तर जायची गरज काय आणि नसलं तर जाऊन करायचं काय, असा त्यांचा हिशेब. शेवटी माझ्या बायकोनं त्यांची बॅग भरली.

परत आल्या तेव्हा आम्ही सगळे ऐकायला जमलो. खानविलकर पेढे घेऊन आले होते. मॅडमनी तळ्याचं, झाडांचं, तिथल्या थंडगार स्वयंपाकघराचं वर्णन केलं. लायब्ररीकडे जाताना पाय बरोबर त्याच पायरीला अडखळला म्हणाल्या. आणि मग त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. त्यांच्या नकाशात मुख्य घराच्या मागे एक सुटी, आठ कोनांची छोटी इमारत होती. वर कळसासारखं टोक. नकाशाची झेरॉक्स पुसट होती, अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून मॅडमनी फार पूर्वी अंदाज बांधला होता की हे घरचं चर्च. तेच त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. तळ्याकाठी सकाळच्या उन्हात हे छोटं प्रार्थनाघर, मालक आणि नोकर एकत्र गुडघे टेकतायत, असं त्याचं सुंदर वर्णन त्या करायच्या. पोरं भारावून जायची.

"ते चर्च नाहीये," मॅडम म्हणाल्या. "शिकार टांगायची खोली आहे. मेलेले ससे आणि तितर. आत अजून आकडे आहेत. मी आत जाऊन उभी राहिले आणि वर आकडे."

खानविलकर म्हणाले की एवढ्या मोठ्या घरात एका खोलीचं काय. मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पेढे वाटायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मॅडमनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना शोधून काढायला सुरुवात केली. एकाकडून दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा. कुणी दुबईत टॉवर बांधत होता, कुणी नागपूरला कॉलेजचा प्रिन्सिपॉल, कुणाचे केस पांढरे, कुणाला नातवंडं. फोन उचलला की मॅडम विचारायच्या, हॉलिंगफर्डमधली आठ कोनांची इमारत कसली? ज्यांना आठवायचं ते आनंदानं सांगायचे, चर्च. मग मॅडम म्हणायच्या, "चूक. शिकारीची खोली. तुला शिकवलं ते चूक होतं. दुरुस्त कर आणि पुढे सांग." काहींना वाटलं, मॅडमना वयोमानानं काहीतरी झालंय. दुबईवाला मात्र हळवा झाला. मॅडमनी चूक कबूल केलेली त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती. त्यालाही मॅडमनी झापलं की रडू नकोस, खोली लक्षात ठेव.

त्याच वर्षी थंडीत त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या. ऑपरेशन झालं, पण एकटीनं राहणं शक्य नव्हतं. मधुरा पुण्याला परतली होती, ती न्यायला आली. फ्लॅट विकायचं ठरलं. जायच्या दिवशी सकाळी आम्ही खाली जमलो. माझी बायको डबा घेऊन, हिरामावशी सुकटीची पुडी घेऊन. खानविलकरांनी भाषण लिहून आणलं होतं. मॅडमना पुढच्या सीटवर बसवलं, वॉकर डिकीत गेला. खानविलकरांनी कागद उघडला, तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला.

त्यांनी आम्हाला थांबा अशी खूण केली आणि फोन स्पीकरवर टाकला, कारण आता त्यांना कमी ऐकू यायचं. पलीकडे कुणी घरत होता, अर्नाळ्याचा, आता नाशिकला असतो. त्याचा नंबर महिनाभर लागत नव्हता. इतर विद्यार्थ्यांनी निरोप दिला म्हणून त्यानंच फोन केला होता. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. आठ कोनांची इमारत कसली?

"मॅडम, मी तेव्हाच लिहिलं होतं," घरत म्हणाला. "पेपरात. चर्च वाटत नाही म्हणून. तुम्ही दाखवलेल्या फोटोत भिंतींना सगळ्या बाजूंनी लाकडी पट्ट्यांच्या फटी होत्या. वारा खेळता ठेवून देव कोण ठेवतं? आमच्याकडे सुकी मासळी टांगायच्या खोलीला असतात तशा. तसंच लिहिलं होतं मी."

मॅडमनी फोन आणखी जवळ धरला.

"तुम्ही वर्गात वाचून दाखवलंत, मॅडम. सगळे हसले."

"मीपण हसले?"

"सगळ्यात आधी."

खानविलकरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मधुरा स्टिअरिंगवर हात ठेवून मावशीकडे बघत होती.

"मार्क किती कापले होते?" मॅडमनी विचारलं.

"दोन."

"फर्स्ट क्लास हुकला होता का तुझा?"

"एका मार्कानं," घरत म्हणाला.

आम्ही सगळे मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार, आणि आलंही. पण ते हसण्याचं होतं. आधी खांदे हलायला लागले, मग चष्मा निघाला, मग पदर. "अरे घरत," त्या कशाबशा म्हणाल्या, "सुकटीची खोली. मूर्खा, भांडायला का नाही आलास माझ्याशी?" आणि घरतही तिकडून हसायला लागला, मोठ्यानं, नाशिकच्या कुठल्या तरी ऑफिसात. मधुरानं आमच्याकडे बघून हात हलवला आणि गाडी सुरू केली. यादवनं गेट उघडलं. गाडी वळली तरी मॅडम फोनशीच बोलत होत्या, फर्स्ट क्लास आजच्या तारखेनं धर, पेढे पुण्याला पाठव, असं काहीतरी. आमचा निरोप घ्यायचा राहूनच गेला.